आभाळाचा ग्राफ

मी जात्याच तापट. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण नाकावरचा राग काही खाली उतरत नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना फाडकन बोलते. लोक म्हणतात, बाई मोठी स्पष्टवक्ती. डोंबलाची स्पष्टवक्ती! आयुष्यात एकदाच खरं बोलायची वेळ आली होती आणि तेव्हा माझी दातखीळ बसली. ते सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही सोलापूरच्या विणकर गल्लीतले. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, आणि भांडण अंगावर आलं की दोन्ही. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. नायना चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चादरीवर मोर उतरवायचा तर आधी तो चौकोनी कागदावर भरावा लागतो, एकेक चौकोन रंगवत. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात आणि मग मोर कापडात येतो. कागदावर एक चौकोन चुकला की पुढच्या शेकडो चादरींत तीच चूक. म्हणून गल्लीत नायनांच्या हाताला मान होता. दुसऱ्या कारखान्यातले लोकसुद्धा सुट्टीच्या दिवशी आपला ग्राफ घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, "जरा नजर टाका की" म्हणायचे. नायना बोट फिरवत फिरवत मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "हितं." एवढंच. ती चूक असायचीच.

लहानपणी खोडरबर माझ्याकडे असायचं. मोराच्या अंगापासून दूर कुठं एखादा चौकोन चुकून रंगला असेल तर तो पुसायचं काम माझं. असा एकटा ठिपका चादरीत ठेवत नाहीत. तिथं दोरा धरत नाही, दोन धुण्यांत लोंबायला लागतो. "एकटा दाणा ठेवायचा न्हाई, बिड्डा," नायना सांगायचे. बिड्डा म्हणजे लेकरा. बाराखडीच्या आधी मी हा नियम शिकले म्हणा ना.

सत्तरच्या दशकात मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत चिकटले. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे हं. तिथं आकडे मोजणाऱ्या चार मुली होत्या, त्यांतली मी एक. नोकरी तात्पुरती, दर सहा महिन्यांनी कागद यायचा, मुदत वाढली म्हणून. तो कागद येईपर्यंत मी दिवस मोजायची. गल्लीतली पहिली पदवीधर मुलगी मी, परत आले असते तर अम्मानं काही म्हटलं नसतं, पण बाकीच्यांनी डोक्यावर मिरे वाटले असते. मला कायम व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

काम काय, तर हे. आमच्या गटाची माणसं हैदराबादला जाऊन प्रचंड मोठ्या फुग्याखाली दुर्बीण बांधून वर सोडायची. ती उजेड बघणारी दुर्बीण नव्हती. ती ऊब बघायची. तवा लाल नसला तरी हात जवळ नेला की कळतं ना तापलाय म्हणून, तसं. त्या उबेच्या किरणांना अवरक्त म्हणतात. आभाळात वायूचे आणि धुळीचे अवाढव्य ढग आहेत, त्यांच्या पोटात नवे तारे जन्मतात. तारा इतका प्रखर की भोवतालच्या वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतो. म्हणून त्या वायूला आयनीभूत म्हणायचं. पण धुळीमुळे आतला उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही. साध्या फोटोत तिथं नुसता काळोख. धूळ मात्र तापते आणि तिची ऊब बाहेर येते. तीच आमची दुर्बीण टिपायची. खाली हवेतल्या वाफेमुळे ही ऊब पोचत नाही, म्हणून फुग्याचा खटाटोप.

दुर्बीण ढगावरून डावीकडून उजवीकडे जायची, थोडी खाली सरकायची, परत यायची. दर फेरीला कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर एका पेनाची रेघ उमटायची. ऊब असेल तिथं रेघ वर चढायची. मी पट्टीनं ती उंची मोजायची, आकडा वहीत लिहायचा, आणि शेवटी चौकोनी कागदावर आकड्याप्रमाणे फिकट-गडद रंग भरून ढगाचं चित्र तयार करायचं. पहिल्या दिवशी तो कागद बघून मला हसूच आलं होतं. घर सोडून मुंबईला आले आणि पुढ्यात काय, तर ग्राफ!

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नायनांचे डोळे गेले. म्हणजे सगळे नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलंय तेही हळूहळू जाणार. फक्त नाकासमोरचं दिसायचं, बाजूचं काही नाही. मांडीवरचा चौकोन दिसायचा, पण शेजारी ठेवलेला चहाचा कप पायानं लवंडायचा. कारखान्याच्या मालकांनी गोड बोलून सांगितलं, आता आराम करा. चाळीस वर्षं चौकोन भरलेल्या माणसाला आराम म्हणजे शिक्षा. अम्माचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, की ते जेवत नाहीत, भिंतीवर बोटानं काहीतरी मोजत बसतात.

मी पाच-सहा दिवसांची रजा मागितली. आमचे साहेब भले गृहस्थ, पण त्यांची घाई होती. एका ढगाचा नकाशा लेखासोबत परदेशी पाठवायचा होता. ते म्हणाले, जा, पण काम बरोबर ने आणि पुरं करून आण; हे नीट झालं की तुझं कायम करायचं मी वर बोलणार आहे. मी वही आणि कागद उराशी धरून सोलापूरला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कागद पसरला आणि नायनांनी वासावरून ओळखलं म्हणा की काय, भिंतीला धरत धरत आले. कागदावर वाकले. बोटानं चौकोन चाचपले.

"काय भरतीस?"

"आभाळ," मी म्हटलं.

"मला दे की."

मी दिलं नाही. खोटं कशाला बोलू? पहिला अर्धा तास नाहीच दिलं. हे ऑफिसचं काम, तुमचे डोळे असे, चुकलं तर माझी नोकरी जाईल, असं सगळं तोंडावर सांगितलं. ते कागदाशेजारीच भिंतीला टेकून बसून राहिले. मग अम्मा आतून ओरडली, "त्यांच्या हाताची सर तुला यायची हाय व्हय?" आणि मला लाज वाटली. मी पेन्सिली त्यांच्याकडे सरकवल्या.

ते तीन दिवस! मी वहीतून आकडे वाचायची, नायना भरायचे. "शून्य, शून्य, एक, तीन, पाच." नजर समोरच्या एका चौकोनावर, बाकी जग नाहीच, पण त्या एका चौकोनात रेघ बाहेर गेली नाही. मान ताठ झाली त्यांची. अम्मानं केलेली भाकरी आणि शेंगाचटणी मागून मागून खाल्ली. गल्लीतली माणसं डोकवायची, नायना वर न बघता सांगायचे, "आभाळाचा ग्राफ काढतोय. लेकीच्या ऑफिसात लागतोय." विचारायला येणाऱ्याला मी ताऱ्यांचा जन्म वगैरे समजावून द्यायची आणि नायना मधेच म्हणायचे, "मोर हितं पोटात हाय बघा, अजून बाहेर आला न्हाई." इतकं सुखात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे आलो होतो. तिथं ढग संपला होता, सगळी शून्यंच. मी भराभर वाचत होते. मधेच तीन-चार-तीन असे आकडे आले. पुढच्या ओळीत त्याच जागी परत. तिसऱ्या ओळीत परत. नायनांची पेन्सिल थांबली.

"हे एकटंच हाय की गं," ते म्हणाले. "ढगापासून लई लांब."

"मग पुसून टाका," मी म्हटलं. "पेनाला धक्का लागला असेल."

"चादर असती तर पुसलंच असतं. पण तीन ओळींत एकाच जागी आलंय, बिड्डा. चूक अशी रांगेत येत न्हाई. चूक कुटंबी येती. आभाळात काय नियम हाय ते तू बघ, आन् मग सांग."

अम्मा उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ऊन अंगावर आलं होतं, मला भूक लागली होती, दुसऱ्या दिवशीची गाडी होती आणि वडील मला माझं काम शिकवतात याचा राग आला होता. एवढंच कारण. मी फटकारलं, "नायना, बीएस्सी मी झालेय की तुम्ही? एकटा दाणा ठेवायचा नाही म्हणून तुम्हीच शिकवलंत ना? पुसा म्हटलं ना, पुसा!"

त्यांनी खोडरबर चाचपून घेतलं. मग पुसलं. इतकं स्वच्छ पुसलं की तिथं कधी पेन्सिल लागली होती असं कुणाला वाटू नये.

साहेब नकाशा बघून खूश झाले. लेख गेला. दोन-तीन महिन्यांनी परदेशातलं एक नियतकालिक आलं आणि साहेबांनी मला आत बोलावलं. तिकडच्या एका गटानं तोच ढग पाहिला होता. त्यांच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात एक छोटा वेगळा ढग होता, साध्या फोटोत कधीच न दिसलेला, पोटात नुकता पेटलेला तारा असलेला. त्या लहानग्या ढगाचंच त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं. साहेबांनी आमची गुंडाळी उघडली. रेघ तीन फेऱ्यांत चढलेली. माझी वही उघडली. माझ्याच अक्षरात तीन-चार-तीन. नकाशा बघितला. कोरा.

"तू मोजलं होतंस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मग भरलं का नाहीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही भरला, सर. वडिलांनी भरला. त्यांना... दिसत नाही नीट."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण इतकं मोठं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. साहेबांनी वही मिटली आणि ते म्हणाले, बाहेरच्या माणसाला काम दिलंस, याचा लेखी खुलासा लागेल, मुदतवाढीचं बघू.

मी होस्टेलवर आले आणि मला रडू आलं नाही, राग आला. नायनांचा. त्यांनी कागद मागितलाच कशाला? इतकं कळत होतं तर पुसलं कशाला? अडून बसायचं होतं! चोर तर चोर वर शिरजोर, तशी गत. आंतर्देशीय पत्र काढलं आणि सगळा संताप ओतला. कोपऱ्यातलं ते तीन ओळींतलं तुम्ही पुसलंत, तुमच्यामुळे माझी नोकरी जायची वेळ आलीय, तुमचे डोळे गेलेत हे तुम्हाला कधी कळणार, तुमच्या हौसेपायी आमच्या ऑफिसचं नाक कापलं गेलं. लिहिता लिहिता माझाच त्यावर विश्वास बसला. पत्र पेटीत टाकेपर्यंत ती दुपार माझ्या डोक्यातून पुसलीच गेली होती म्हणा.

एक गोष्ट मी विसरले. नायनांना एकेक चौकोन दिसायचा, पण अक्षरांची ओळ लागत नव्हती आता. अम्माला कधीच येत नव्हतं.

पत्र वाचलं गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी. नेहमी तेच वाचायचे, ओट्यावर बसून, मोठ्या आवाजात, कारण माझं पत्र आलं की चार माणसं जमायची. अम्मानं मला नंतर सांगितलं, मास्तर दोन ओळींनंतर थांबले होते. नायना म्हणाले, वाचा, पुरं वाचा. लेकीनं लिवलंय. पुरं ऐकलं त्यांनी. आणि तिथल्या तिथं मास्तरांना म्हणाले, आता मी सांगतो ते लिहा, हिच्या साहेबांना.

ते पत्र साहेबांनी मला दाखवलं. मास्तरांचं वळणदार अक्षर, खाली नायनांची वाकडी सही. लिहिलं होतं, मुलीनं मला भरायला सांगितलं होतं तसं मी आधी भरलं होतं. मग ती आत जेवायला गेली तेव्हा मी आपल्या मनानं ते पुसलं, चादरीची सवय म्हणून. तिला ठाऊक नव्हतं. दोष म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा आहे, तिला पोटाशी घ्यावं. साहेबांचे डोळे ओले झाले होते. म्हणाले, असे वडील असतात बघ. मी मान हलवली. मला तेव्हा सगळी दुपार लख्ख आठवली, अम्माच्या शेंगांच्या टरफलांसकट. मी तोंड उघडलं नाही. दोन महिन्यांनी मी कायम झाले.

सुट्टी मिळताच सोलापूर गाठलं. ओट्यावर कुणी नव्हतं. पूर्वी रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची, ग्राफ घेऊन आलेल्या लोकांची. अम्मा म्हणाली, त्या पत्रानंतर कुणी आलं नाही. कसे येतील? ज्यानं लेकीचा ग्राफ बिघडवला त्याला आपला कोण दाखवणार? नायना आत खाटेवर बसले होते. आता समोरचंही धूसर झालं होतं.

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "नायना, मी सांगितलं होतं तुम्हाला पुसायला."

"व्हय," ते म्हणाले.

"मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. आत्ताच्या आत्ता. मास्तरांना सांगते."

त्यांनी हवेत चाचपत माझं मनगट पकडलं. घट्ट. "गप बस. सांगितलंस की मास्तर परत साहेबाला लिवतील. सरळ मानूस हाय तो, ऱ्हावणार न्हाई. माझं काम तर गेलंच हाय. तुझं ऱ्हाऊ दे."

"पण लोक तुम्हाला..."

"लोकास्नी काय मी ग्राफ दाखवनार हाय व्हय आता?" ते हसले. मग हळूच विचारलं, "ते तीन ओळीतलं, खरंच तारा हुता का गं?"

"होता."

"मला वाटलंच." आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. पण बाहेर ओट्यावर गेले नाही. त्यांनी नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बरंच वाटलं होतं ते नको म्हणाले म्हणून.

दीड वर्षानं नायना गेले. शेवटी शेवटी पूर्ण अंधार होता त्यांना. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं भेटायला आली. सगळ्यांच्या पुढं एक म्हातारे विणकर होते. तीस वर्षं नायनांनी काढलेल्या ग्राफवरच त्यांचा माग चालला. ते माझ्यासमोर बसले, डोळे पुसले. म्हणाले, "असा हात परत व्हनार न्हाई सोलापुरात. शेवटी तेवढं तुझं आभाळ बिघडलं त्यांच्या हातनं. लई खात हुतं त्यास्नी ते. मानूस गेलं आता. माफ कर, पोरी."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तरही होते. माझी नोकरी कायम होती, आता कुणी काढून घेणार नव्हतं. त्या दुपारी उंबऱ्यातून सगळं ऐकलेली अम्मा शेजारी बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, "केलं माफ."